पाच किलो आणि दुकानाची किल्ली

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं जुनी माणसं सांगून गेली. दवाखान्यात पुढे सरकवलेल्या कागदावर सही करू नये, हे सांगायचं मात्र त्यांच्याकडून राहिलं. म्हणून मी सही केली. पुढे जे झालं ते सगळं त्या एका सहीचं लेकरू.

आधी माझी ओळख. मी वजनकाटे दुरुस्त करतो. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढे मास्तरांचं आणि माझं पटलं नाही (चूक त्यांची होती, पण कबूल करायच्या आत ते गेले). त्यामुळे माझं लिहिणं हे असं, खिळे ठोकल्यासारखं. आवडलं नाही तर वाचू नका. काट्याचं मात्र काहीही विचारा. भाजीवाल्याचा आणा, भंगारवाल्याचा आणा, पोस्टातला आणा, नुसता बोटानं दाबून सांगतो कुठे दुखतंय. एकदा एका खाटकानं हळूच विचारलं होतं, "जरासा हलका करून द्याल का?" त्याला दुकानाबाहेर काढला आणि त्याचा काटा त्याच्या मागून फेकला. (तो मोडलेला काटा दुसऱ्या दिवशी माझ्याकडेच दुरुस्तीला आला. दुसरं दुकानच नाही.)

तर त्या दिवशी गोदामातला एक मोठा काटा उचलत होतो. अचानक छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं. मी त्याच काट्यावर मटकन बसलो. घाम फुटलेला, डोळ्यांपुढे अंधारी, तरी सवयीनं आकडा बघितलाच. चौऱ्याऐंशी किलो. आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो हा, की चला, काटा बरोबर चालतोय.

शेजारी किल्लीवाल्याचं दुकान आहे. त्यानं माझ्या मुलीला फोन केला. मुलगी शाळेत मुख्याध्यापिका आहे. घरीसुद्धा ती घंटा झाल्यासारखीच बोलते. तासाभरात मी डॉक्टरांपुढे बसलेलो.

"हृदयाला अजून काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण धोका आहे."

"धोका रस्ता ओलांडतानासुद्धा असतो," मी म्हणालो.

"रस्ता तुम्ही दोन मिनिटांत ओलांडता. हे पोट चोवीस तास घेऊन फिरता."

मुलगी माझ्याकडे बघून मान हलवत होती, जशी ती नापास पोरांच्या बापांपुढे हलवत असेल.

बायको फक्त सोबत आली होती. डॉक्टरांनी जाता जाता तिच्याही दंडाला पट्टा गुंडाळला, तर तिचा बीपी माझ्यापेक्षा वर! (चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या मागे पडलो म्हणून बरं वाटलं.) तिला एक गोळी लागली, आणि आम्हा दोघांना मिळून एक कागद.

कागद असा होता. दवाखान्यात एक अभ्यास चालला होता. हृदयरोगाचा धोका असलेल्या माणसांना समुपदेशन करायचं, म्हणजे खाणं, चालणं, झोप, राग यांबद्दल शहाणपण सांगायचं. निम्म्यांना समोर बसवून, दर मंगळवारी, दवाखान्याच्या हॉलमध्ये. निम्म्यांना फोनवर, दर शुक्रवारी, ऑनलाइन. तीन महिन्यांनी बघायचं, कशानं जास्त फरक पडतो. कोण कुठे जाणार ते चिठ्ठीवर. फुकट होतं. मी सही केली.

चिठ्ठ्या उघडल्या. बायकोला हॉल. मला फोन.

"बदलून द्या," मी म्हणालो. "शहाणपण तोंडावर सांगायची गोष्ट आहे. फोनवर तर कर्ज घ्या म्हणणारेही बोलतात."

"बदलून दिलं तर अभ्यास कसला?" डॉक्टर म्हणाले.

जिन्यात मुलीनं मला थांबवलं. "बाबा, नीट ऐका. तीन महिने. पाच किलो. नाही उतरले, तर दुकानाची किल्ली माझ्याकडे. आणि तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला यायचं."

मुलीचं घर छान आहे. जावईही चांगला आहे. पण तो समजावून सांगतो. नळ कसा बंद करायचा, दार कसं लावायचं, खुर्ची कशी सरकवायची. आपण सत्तरी ओलांडून फक्त हे शिकायचीच वाट बघत होतो, असं त्याला वाटतं. आणि दुकानाशिवाय मी म्हणजे काय? एक पोट आणि त्याला लागलेला एक आवाज. पाच किलो तर पाच किलो, मी म्हणालो. चौऱ्याऐंशीचे एकोणऐंशी. त्यात काय.

पहिल्या मंगळवारी बायको नव्या चपला घालून हॉलला गेली. शुक्रवारी मी जेवायच्या टेबलाशी बसलो, फोन मिठाच्या बरणीला टेकवला. पडद्यावर एक पोरगी आली. माझ्या नातीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी असेल.

"नमस्कार आजोबा! मला फक्त पंखा दिसतोय."

"पंखा चांगला आहे, बघ."

"फोन जरा खाली करा. हां. आता कपाळ दिसतंय. अजून खाली. आता… हे काय आहे?"

"हनुवटी."

"दोन आहेत का?"

इथेच फोन बंद करणार होतो. पण किल्ली आठवली. मग तिनं विचारलं, फोन कशाला टेकवलाय. मी म्हणालो, मिठाच्या बरणीला. "बरणी दाखवा ना!" मी दाखवली. चांगली मोठी बरणी आहे आमची. तिनं काहीतरी लिहून घेतलं. पहिल्याच दिवशी हात दाखवून अवलक्षण.

(पुढच्या शुक्रवारी मी बरणी लपवली आणि फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवला. माणूस चुकीतून शिकतो म्हणतात. कोण शिकतो, मला भेटायचंय त्याला.)

दर शुक्रवारचा नेम असा. आधी दंडाला पट्टा लावून बीपी मोजायचा आणि आकडा तिला दाखवायचा. मग काट्यावर उभं राहायचं, फोन हातात धरायचा आणि खाली वजनाच्या तबकडीवर रोखायचा. काटा आमच्या घरचाच. जुना, गोल तबकडीचा, मी स्वतः जुळवलेला. घड्याळ थांबेल, पण तो चुकणार नाही. आता गंमत बघा, पोटाआड मला तबकडी दिसत नाही. तिला दिसते. म्हणजे माझं वजन मला सोडून सगळ्यांना कळायचं.

"चौऱ्याऐंशी, आजोबा."

"फोन हातात आहे. दोनशे ग्रॅम वजा कर."

"केले. त्र्याऐंशी किलो आठशे ग्रॅम."

"शाबास."

दुसऱ्या आठवड्यात चौऱ्याऐंशीच. तिसऱ्यात साडेचौऱ्याऐंशी. खोटं कशाला बोलू, दुकानात ड्रॉवरमध्ये खारे शेंगदाणे होते. आणि लोणी. (लोणी स्प्रिंगला लावायला नव्हतं.) पोरगी रागावली असती तर मी भांडलो असतो, भांडण मला येतं. पण ती रागावायचीच नाही. हनुवटीला हात लावून, गोड आवाजात विचारायची, "आजोबा, तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे होत असेल?"

मला काय वाटतं! अठ्ठेचाळीस वर्षांत मला कुणी विचारलं नाही मला काय वाटतं. त्या एका प्रश्नानं मला इतका घाम फुटायचा, की तेवढ्यानंच अर्धा किलो उतरायला हवा होता.

तिकडे बायकोचं वेगळंच चाललेलं. मंगळवारी गाल लाल करून घरी यायची.

"आज आम्ही सगळ्यांनी दीर्घ श्वास घेतला."

"आजपर्यंत काय करत होतीस?"

"तुम्हाला नाही कळायचं. आमचे सर म्हणतात, समोर बसून बोललं की मन हलकं होतं." हे सर म्हणजे हॉलमधले समुपदेशक, उंच, लांब मानेचे. "आणि मग आमच्या तुकडीतले अकराजण आणि मी मिळून तळ्याला फेरी मारतो. तुमच्या फोनला पाय आहेत का?"

तळ्याला फेरी! मला मत्सर झाला म्हटलं तर चालेल. माझ्यापुढे एक पोरगी, एक बरणी आणि मी. आणि अडीच महिन्यांनी जावई.

चौथ्या शुक्रवारी सकाळी, बायको आंघोळीला गेली असताना, मी काटा पालथा केला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, मागचं चाक फिरवून शून्य खाली सरकवलं असेल. तसलं काम नवशिके करतात. रिकामा काटा शून्याच्या खाली दिसला की शेंबडं पोरही ओळखतं. मी आतलं काम केलं. शून्य शून्यावरच, पण वजन चढवलं की काटा जरा आळशी. काम इतकं सुबक झालं, की खाटीक असता तर त्याला बोलावून दाखवलं असतं. मग आठवलं, त्याला मी हाकलला होता. घटकाभर वाईट वाटलं. मग वाटलं, त्या खाटकाला गिऱ्हाइकाला फसवायचं होतं. मी कुणाला फसवतोय? स्वतःलाच! स्वतःच्या घरात, स्वतःच्या काट्यावर, स्वतःचं वजन. (माणूस स्वतःचा वकील झाला की फी घेत नाही, त्यामुळे काहीही बोलतो.)

"त्र्याऐंशी!" पोरगी ओरडली. "आजोबा, काय केलंत?"

"इच्छाशक्ती," मी म्हणालो.

दर शुक्रवारी सकाळी एकदा स्क्रूला हात लावायचा. ब्याऐंशी. एक्याऐंशी. पोरगी टाळ्या वाजवायची. मला फुलांची आणि अंगठ्यांची चित्रं पाठवायची. दहाव्या आठवड्याला मी एकोणऐंशीवर टेकलो आणि मुलीला फोन करून सांगितलं, "किल्लीचा विषय संपला." मुलीलाही बरं वाटलं असावं. "बाबा, मला वाटलं नव्हतं," म्हणाली. मला तरी कुठे वाटलं होतं.

एकच अडचण होती. बीपीचं यंत्र. ते माझ्या धंद्यातलं नाही. उघडून बघितलं, आत नुसत्या तारा. त्यामुळे ते खरं बोलायचं. आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, दर शुक्रवारी माझा बीपी वर वर जायचा.

"वजन उतरतंय आणि बीपी चढतोय," पोरगी म्हणाली. "घरात काही ताण आहे का?"

काहीतरी सांगायचं म्हणून मी म्हणालो, "बायको."

तिनं लिहून घेतलं. ही पोरगी सगळं लिहून घ्यायची.

आता मूर्खपणाचा कळस ऐका. अठ्ठेचाळीस वर्षं काट्यांत घालवलेला मी, एक गोष्ट विसरलो. घरात काटा एक आणि माणसं दोन.

बायकोही त्याच काट्यावर उभी राहायची! रोज सकाळी, मी दुकानाला गेल्यावर. पासष्टची एकसष्ट झाली होती बाई, आणि मला सांगत नव्हती, कारण तिला माझी जिरवायची होती. पण मंगळवारी हॉलमधला काटा तिला चौसष्टच दाखवायचा. एक मंगळवार गप्प बसली. दोन बसली. दहाव्या मंगळवारी तिनं हॉलमध्ये तोंड उघडलं, आणि आमच्या हिनं तोंड उघडलं की सभा बरखास्त होते.

घरी येऊन मलाच सांगायला लागली. "मी सरांना सरळ सांगितलं. तुमचा काटा खोटा आहे. आमच्या घरी काटा आहे, आणि तो कुणी जुळवलाय माहितीये का? आमच्या ह्यांनी!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "सर काय म्हणाले?"

"सर काय म्हणणार! अकराच्या अकरा जण उठले माझ्या बाजूनं. सगळे म्हणाले, आम्हाला पहिल्यापासून संशय होता, हा काटा जास्तच दाखवतो."

(दाखवणारच. अकरा जाड माणसांना विचारा, काटा खरा की खोटा. एकमत पाहिजे असेल तर याच्याइतका सोपा विषय नाही.)

"मग?"

"मग काय, येत्या मंगळवारी तुम्ही यायचं आणि सगळ्यांसमोर तो काटा तपासायचा. मी शब्द दिलाय."

तीन महिने ज्या हॉलमध्ये जाण्यासाठी मी रडत होतो, तिथे मी असा गेलो. मुलगी गाडी घेऊन आली, कारण वीस-वीस किलोची लोखंडी वजनं मला उचलायची बंदी. ती वजनं म्हणजे काटा खरा की खोटा ठरवायची माझी कसोटी. गाडीतून हॉलमध्ये ती बायकोच्या मंडळींनीच नेली. एक निवृत्त पोस्टमन, एक शिंपीण, एक बसड्रायव्हर, बाकीचे असेच. एकेक वजन चौघे मिळून उचलत होते, जणू काय देव आणलाय. "आता कळेल," पोस्टमन म्हणाला. "ब्याण्णव म्हणे! मी काय हत्ती आहे?"

सर बाजूला उभे, मान अजूनच लांब झालेली. डॉक्टरही फाईल घेऊन आले. मी गुडघे टेकले, काट्यावर वजन ठेवायला लावलं. वीसला वीस. चाळीसला चाळीस. साठला साठ. केसभर इकडे नाही की तिकडे. इतका खरा काटा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्याचा मुका घेतला असता.

मागच्या बाजूला स्क्रू होता. माझ्या बोटापासून दोन इंचांवर. नुसतं म्हणायचं, "हं, जरा जड झालाय," आणि अर्धा फेरा. अकरा माणसं खूश. बायको खूश. किल्ली माझ्या खिशात. कुणाचं काय जाणार होतं?

"बघताय काय, सांगा त्यांना!" बायको माझ्या डोक्यावर उभी राहून म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझं एकसष्ट झालंय म्हटलं. मी तर गोळीसुद्धा अर्धी केली."

माझा हात थांबला. "कुठली गोळी?"

"बीपीची. तीन आठवडे झाले. वजन उतरलं की बीपी उतरतो, सरांनीच सांगितलंय. मग पूर्ण गोळी कशाला?"

मी वर बघितलं. तिच्या तोंडावर असा आनंद होता, की लग्नात पण नव्हता. (लग्नात कशाला असेल म्हणा.) आणि मला एकदम त्या गोदामातल्या काट्यावर बसलेला मी दिसलो, छाती धरून. फक्त माझ्या जागी ही.

"काटा खरा आहे," मी म्हणालो.

"काय?"

"हा खरा आहे. आपल्या घरचा खोटा आहे. मी केला. गोळी पूर्ण घे. आत्ता घे. कुणीतरी पाणी द्या हिला."

मग पोस्टमन बारीक आवाजात म्हणाला, "म्हणजे माझं ब्याण्णव…"

"खरं आहे."

"एकदा पुन्हा बघा की."

"बाबा," मुलीचा आवाज आला. घंटा झाली होती. "चढा."

मी चढलो. इथेही पोटाआड आकडा दिसला नाही, पण शिंपिणीनं तोंडावर हात ठेवलेला दिसला.

"पंच्याऐंशी," सर म्हणाले.

"चपला आहेत," मी म्हणालो.

"काढा."

काढल्या. काट्याला काही फरक पडला नाही. तीन महिन्यांची इच्छाशक्ती मिळून मी एक किलो वाढलो होतो.

मुलीनं हात पुढे केला. मी किल्ली दिली. एवढ्यावर तरी थांबावं ना? पण डॉक्टर फाईल चाळत होते. "तरीच," ते म्हणाले. "बीपी का चढतोय, आम्हाला कोडंच पडलं होतं. तुम्हाला घरात ताण आहे का विचारलं होतं, त्याचं उत्तर इथे लिहिलंय…" आणि वाचून त्यांनी फाईल पटकन मिटली.

"काय लिहिलंय?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. एकच शब्द आहे."

"वाचा."

त्यांनी वाचला. तो मंगळवार मी कसा पार पाडला ते मला विचारू नका. तळ्याची फेरीही झाली. मी पुढे, आणि मागे अकराजण, समोरासमोर बोलून मन हलकं करत.

शुक्रवारी पोरगी पडद्यावर आली. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. (मान खाली घातली की तिला टक्कल दिसायचं, तेवढीच शिक्षा.)

"मला माहीत होतं, आजोबा," ती म्हणाली.

"कसं?"

"सहा आठवडे झाले, तुमच्या शर्टाचं तिसरं बटण लागत नाहीये. वजन उतरणाऱ्या माणसाचं बटण लागायला लागतं."

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"दर आठवड्याला विचारत होते की! तुम्हाला काय वाटतं, हे कशामुळे?"

घ्या. फोनवरून हिनं माझं बटण पकडलं. तिकडे सर दर मंगळवारी बायकोच्या समोर तीन फुटांवर बसून तिची अर्धी गोळी पकडू शकले नाहीत. आता कशात जास्त फायदा, ते तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर नवरा-बायकोपुढे दोन्ही पद्धती सारख्याच लुळ्या पडतात.

दुकान बंद झालं. मी घरी बसलो. आधी घरचा काटा खरा केला, त्याला दहा मिनिटं लागली. मग काम संपलं. शेजारी किल्लीवाला असून उपयोग नव्हता, मुलीनं त्याला आधीच दम भरला होता. जावई खोली रिकामी करत असल्याची बातमी आली. मग मी बायकोच्या मागे मागे फिरायला लागलो. ती कपाट आवरायला गेली की मी सांगायचो कसं आवरायचं. ती फरशी पुसायला लागली की मी सांगायचो कुठे राहिलंय. स्वयंपाकघरातल्या डब्यांची मी उंचीप्रमाणे रांग लावली. दोन दिवस ती बोलली नाही, तिसऱ्या दिवशी बोलायला लागली, तेव्हा न बोलण्याची किंमत कळली.

आठ दिवसांनी मंगळवारी हॉलमध्ये तिचा बीपी मोजला. पूर्ण गोळी घेऊनही आकाशाला भिडलेला. सरांनी घाबरून विचारलं, "घरात काही ताण आहे का?"

"आहे ना," बायको म्हणाली. "आठ दिवसांपासून घरात बसलाय."

डॉक्टरांनी त्याच दिवशी मुलीला बोलावून घेतलं. आईच्या हृदयासाठी बाबांचं दुकान उघडणं गरजेचं आहे, असं त्यांनी सांगितलं. चिठ्ठीवर लिहून दिलं की काय, देव जाणे. मुलीनं किल्ली परत केली. पण माझ्या हातात नाही, आईच्या. अट घातली, की दोघांनी घरापासून दुकानापर्यंत चालत जायचं, जड काही उचलायचं नाही, आणि आई दुकानात बसणार. म्हणजे दुकान वाचलं. जावयाच्या तावडीतून मी वाचलो. फक्त दुकानाचा मालक वाचला की नाही, ते नक्की सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी बायकोनं ड्रॉवर उघडला. शेंगदाणे गेले, लोणी गेलं.

मागच्या महिन्यात अभ्यासाचा निकाल लागला. मुलगी कागद घेऊन आली आणि वाचून दाखवायला लागली. "समोरासमोर आणि ऑनलाइन, दोन्हींचा फायदा जवळजवळ सारखाच झाला. सुरुवातीला एकशे वीस जण होते. शेवटी एकशे एकोणीस जणांचे आकडे धरले."

मी टोपी काढली. "एक गेला का बिचारा?"

"नाही, बाबा. तो तुम्हीच."

असो. माझं आता एक्याऐंशी आहे, खरं, आणि तेही बायको मोजते. दुकानात तिनं पद्धत पाडली आहे. मी काटा दुरुस्त करायचा, मग तिनं त्यावर गिऱ्हाइकासमोर वजनं ठेवून खात्री करून द्यायची. हॉलमधल्या अकराजणांनी गावभर काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, पण गिऱ्हाईक वाढलंय.

काल एक भाजीवाला काटा घेऊन आला. आत डोकावला आणि म्हणाला, "ताई नाहीत का?"

"बाहेर गेलीय," मी म्हणालो. "मला दे. दुकान माझं आहे. अठ्ठेचाळीस वर्षं हेच करतोय."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग काटा छातीशी धरून बाकड्यावर बसला.

"असू दे काका, थांबतो मी," तो म्हणाला. "मला खरा पाहिजे."